चार-तीसची गाडी, पाच-नव्वदचा फोन

जुन्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव करणाऱ्या एका सेवेचा हा माझा अनुभव आहे. सेवेचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून निकालात निघालेली नाही. पण जे घडलं ते तारखा-वेळांसकट माझ्या वहीत आहे आणि ते सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं. जुन्या फियाटसाठी, जीपसाठी, ॲम्बॅसडरसाठी आयुष्यभराची शिल्लक घेऊन अशा लिलावात उतरणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं हिशेब पाहिले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझे वडील शाहू मार्केट यार्डात एका गूळ अडत्याकडे दिवाणजी होते. त्या शेठजींकडे डुक्कर फियाट होती, फिकट निळी. दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे झाले की शेठजी आम्हा पोरांना तीत बसवून पन्हाळ्याला न्यायचे. पुढची दारं उलटी उघडायची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि गाडी तापली की बुधवार पेठ ओलांडायच्या आधीच पेट्रोलचा वास यायचा. ती गाडी पुढे कुठे गेली कुणालाच माहीत नाही. निवृत्तीच्या पैशातून काही रक्कम बाजूला काढून तसलीच एक गाडी घ्यायची, हे माझं ठरलेलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, कुणी आडकाठी केली नाही.

म्हणून या सेवेवर १९६२ सालची फियाट ११०० सुपर सिलेक्ट दिसली तेव्हा मी त्याच दिवशी ५०,००० रुपये अनामत भरली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, जुना मुंबईचा नंबर, आरसी बुक शाबूत. रंग निळा नव्हता, पांढरा होता, पण मागचे छोटे पंख आणि डुकराच्या मुस्काटासारखं ते नाक तेच.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. गाडीचे ११० फोटो होते, त्यातले तीसेक खालच्या बाजूचे. चासी नंबरची पट्टी आणि इंजिन नंबर दोन्हींचे जवळून काढलेले फोटो. थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, न कापलेला. कागदपत्रं वाचून त्यांनी स्वतः लिहिलं होतं की मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० सह्या करून तयार आहेत. विंटेज नोंदणीचा २०२१ चा नियमही नीट समजावला होता. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं, आणि मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यांसाठीच काढायची. हे विकणारे सहसा सांगत नाहीत. यांनी सांगितलं. बोली लावायच्या आधी गाडी प्रत्यक्ष पाहायची मुभाही होती, आणि ही मुभा न वापरता कुणीही जुनी गाडी घेऊ नये.

गाडी हडपसरच्या पुढे एका शेडमध्ये होती. शनिवारी पहाटे मी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना घेऊन निघाले. त्यांचं वय सत्तर. या गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या किंगपिना त्यांनी पोरवयापासून बदलल्या आहेत. त्यांनी खिशातून मऊ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि दारांखालच्या पट्ट्यावरून हळूहळू फिरवत नेलं. डाव्या बाजूला वीतभर जागेत ते सटकन निसटलं.

"ताई, हितं बघा. धरतच न्हाई. आत पत्रा सडलाय, वरनं नुसती लांबी भरल्या."

लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, चुंबक पत्र्याला धरतं, तिला नाही. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. तीन सिलिंडर ११५ च्या आसपास, चौथा ७०. "वॉल सीट गेलीया," ते म्हणाले, "इंजान वर्क करावं लागंल. पर मूळ इंजान हाय, ते सोडू नगा." स्प्रिंगच्या पाट्यांना तडा नव्हता, डायनॅमो चालू होता, डॅशबोर्डवरचं घड्याळाचं भोकसुद्धा कुणी वाढवलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर साताऱ्याला चहा घेताना मी त्यांना विचारलं, किती द्यावेत? त्यांनी बोटांवर खर्च मोजला आणि म्हणाले, साडेचार लाखांच्या वर जाऊ नका. मी मनात साडेपाच धरले, आणि त्याच्यावर थोडं. शेठजींची गाडी आठवत होती. हा माझा दोष आहे आणि पुढे जे झालं त्याच्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून लिहून ठेवते.

आता लिलाव. मंगळवारी २,५०,००० वर उघडला, रविवारी रात्री आठला बंद होणार होता. बोली दहा-दहा हजारांनी चढायची. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ पुन्हा दोन मिनिटांनी वाढते. ही पद्धत योग्यच आहे, शेवटच्या सेकंदाला झडप घालणाऱ्याला तीत फायदा मिळत नाही. राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली मालक विकणार नाही ती, ठरलेली होती, पण जाहीर नव्हती. ती गाठली की पडद्यावर हिरवी खूण येते. प्रत्येक बोलीदाराला एक नंबर. माझा १५२. नाव, गाव काही दिसत नाही. बोलीवर १० टक्के सेवेचं शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५,९०,००० ची बोली लागली तर हातातून ६,५९,६२० जाणार, आणि कोल्हापूरला आणायचं गाडीभाडं वेगळं. हा हिशेब मी आधीच मांडून ठेवला होता.

शनिवारपर्यंत बोलीत मुख्यतः ०८८ नंबर आणि मी होतो. शुक्रवारी रात्री ४१७ नावाचा एक नंबर दोनदा येऊन गेला. ०८८ विचार करून बोली लावायचा. माझ्या बोलीनंतर कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. रविवारी सात वाजून एकतीस मिनिटांनी त्याच्या ४,२०,००० वर मी ४,३०,००० लावले. ०८८ परत आला नाही. अर्धा तास मी ताटावर बसून पडद्याकडे बघत होते, भाकरी गार झाली.

आठला एक मिनिट कमी असताना ४१७ आला. ४,४०,०००. मी ४,५०,०००. लगेच ४,६०,०००. मी थांबले, पाणी प्यायले, मिनिटभराने ४,७०,००० लावले. लगेच ४,८०,०००. मी किती वेळ घेतला तरी समोरून उत्तर पाच-सहा सेकंदांत. ५,५०,००० वर, माझ्याच बोलीवर, हिरवी खूण आली. राखीव किंमत पूर्ण. मला वाटलं आता तो थांबेल. नाही. ५,६०,०००. शेवटी मी ५,९०,००० लावले आणि ठरवलं, आता बास. सहा सेकंदांनी ६,००,०००. मी मोबाईल पालथा ठेवला. सव्वाआठच्या सुमाराला लिलाव बंद झाला. गाडी ४१७ ला गेली.

खरं सांगते, त्या रात्री वाईट वाटलं, पण संशय आला नाही. कुणाला तरी माझ्यापेक्षा जास्त हवी होती, त्याने जास्त पैसे दिले, सौदा असाच असतो.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. आवाज अतिशय नम्र होता. "मॅडम, आपल्यासाठी आनंदाची बातमी आहे. पहिल्या बोलीदारांचा व्यवहार होऊ शकला नाही. आपल्या शेवटच्या बोलीला, म्हणजे पाच लाख नव्वद हजारांना, गाडी आपल्याला मिळू शकते. फक्त आज सहा वाजेपर्यंत कळवा."

मला क्षणभर आनंद झाला, हे नाकारत नाही. मी होय म्हणणार होते. पण अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यावर एक सवय अंगात मुरते, की घाईने मागितलेल्या सहीच्या आधी मागचं पान उलटायचं. मी म्हटलं, दुपारी कळवते. आणि त्यांच्याच अटींचं पान काढून वाचलं. जिंकणाऱ्याला पैसे भरायला सात दिवसांची मुदत होती. लिलाव संपून ३९ तासही झाले नव्हते. मग व्यवहार "होऊ शकला नाही" हे इतक्या लवकर कसं ठरलं? आणि त्याच अटींत लिहिलं होतं की जिंकून माघार घेणाऱ्याची अनामत जप्त होईल. मी फोन करून विचारलं, ४१७ ची अनामत जप्त केली का? "ती माहिती गोपनीय असते, मॅडम."

मग मी बोलींचा पूर्ण तक्ता छापून घेतला. ही सोय त्यांच्याकडे आहे, आणि त्यासाठी मी त्यांना चांगले गुण देते. हा तक्ता नसता तर मला काहीच कळलं नसतं. लाल पेन्सिल घेतली आणि ४१७ च्या सगळ्या ओळी खोडल्या. जो माणूस व्यवहारातच नाही त्याच्या बोली हिशेबात धरायच्या कशाला? उरलं काय? ०८८ चे ४,२०,०००. त्यावर माझे ४,३०,०००. बस. त्यापुढची माझी प्रत्येक बोली, ४,५० पासून ५,९० पर्यंतच्या आठच्या आठ, एकट्या ४१७ ला उत्तर म्हणून होत्या. तो नसता तर मी माझ्याच विरुद्ध बोली लावली नसती. म्हणजे माझ्याकडे मागितले जात असलेले वरचे १,६०,००० रुपये हे ज्याने गाडी घेतलीच नाही अशा माणसाने चढवलेले होते.

या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. जिंकणारा मागे हटला तर दुसऱ्याला "तुमच्या शेवटच्या बोलीला" गाडी देणं हे वरवर सरळ वाटतं. ते सरळ नाही. न्याय्य किंमत म्हणजे पळालेल्या माणसाच्या बोली वजा करून जी उरते ती. ती राखीव किमतीच्या खाली येत असेल तर गाडी विकली गेली नाही असं जाहीर करावं, किंवा मोकळेपणाने सांगावं की मालकाला साडेपाच हवेत, देता का? तेही मला चाललं असतं. मी साडेपाचला कदाचित हो म्हटलंही असतं. पण मला साडेपाच मागितलेच नाहीत.

सेकंदांचाही हिशेब केला. तक्त्यात प्रत्येक बोलीची वेळ सेकंदापर्यंत असते. ४१७ ची उत्तरं माझ्यानंतर ५, ६, ४, ७, ५, ५, ४, ६ अशा अंतराने होती. कुणी म्हणेल, त्याने कमाल रक्कम आधीच भरून ठेवली असेल आणि यंत्र आपोआप बोली लावत असेल. मीही आधी तसंच धरलं होतं. पण आपोआप लागणारी बोली त्याच सेकंदाला पडते. माझ्या स्वतःच्या आधीच्या एका बोलीत मी ते पाहिलं आहे. चार ते सात सेकंद म्हणजे हात. हातात दोन मिनिटं असताना, दर वेळी दहा हजार वाढत असताना, दीड लाखाच्या चढावर एकदाही न थबकणारा हात. ज्याला खिशातून पैसे द्यायचे असतात तो कुठेतरी थबकतो. मी थबकत होते. ०८८ तर रात्र-रात्र थबकत होता.

त्या लिलावात एकूण २४ गाड्या होत्या. सगळ्यांचे तक्ते उघडून मी वहीत उतरवले, दोन दिवस लागले. ४१७ ने पाच गाड्यांवर बोली लावली होती. पाचही एकाच विक्रेत्याच्या होत्या. गाडीच्या पानावर विक्रेत्याचा क्रमांक असतो, त्यावरून कळलं. त्या विक्रेत्याच्या एकूण सहा गाड्या होत्या. बाकी अठरा गाड्यांत विलीज जीप होती, मॉरिस मायनर होती, एक देखणी स्टँडर्ड हेराल्ड होती. त्यांच्याकडे ४१७ ने ढुंकूनही पाहिलं नाही. पाचपैकी चार गाड्यांत जिंकणाऱ्याच्या खालोखालची बोली त्याची होती. पाचवी म्हणजे माझी, जिच्यात समोरची व्यक्ती त्याच्या अंदाजाच्या आधी थांबली.

याचा अर्थ तो विक्रेत्याचा उभा केलेला माणूस होताच, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. एखाद्याला एकाच संग्रहातल्या गाड्या आवडू शकतात, आणि घरात अडचण येऊन तो माघार घेऊ शकतो. पण तपासायला सेवेकडे सगळं होतं: आधार-पॅन, बँक खातं, मोबाईल, कुठून लॉगिन केलं ते. मला नाव नको होतं. मी चार प्रश्न लिहून पाठवले, चारही हो-नाहीत उत्तर देण्यासारखे. अनामत जप्त झाली का? ४१७ आणि विक्रेता यांचं खातं, पत्ता किंवा फोन एक आहे का? विक्रेत्याच्या वतीने बोली लावायचा हक्क राखलेला होता का? आणि ही गाडी पुन्हा लिलावात आली तर मागचा लिलाव मोडल्याचं पानावर लिहाल का?

तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला. १९३० चा माल विक्री कायदा आहे, त्याचं कलम ६४ लिलावाबद्दल आहे. विक्रेत्याला स्वतः किंवा आपल्या माणसामार्फत बोली लावायची असेल तर तसा हक्क आधी उघडपणे जाहीर करावा लागतो. जाहीर न करता तसं केलं तर खरेदीदार त्या विक्रीला फसवणूक मानू शकतो. आणि किंमत चढवायला खोट्या बोली लावल्या असतील तर सौदा रद्द करायचा हक्क खरेदीदाराचा. राखीव किंमत ठेवणं ही वेगळी बाब, तिला कायद्याची मुभा आहे. या सेवेच्या अटींत राखीव किमतीचं कलम होतं. बोली लावायच्या हक्काचं कलम मला कुठेही सापडलं नाही, तीनदा वाचूनही. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचा कायदा आहे, तेव्हा संगणक नव्हता, पण माणूस हाच होता.

ब्रिटनमध्ये २०१० साली ब्रॅडफर्डच्या कोर्टात अशा एकाला शिक्षा झाली होती. ईबेवर विकायला ठेवलेल्या आपल्याच मिनीबसवर आणि इतर वस्तूंवर तो दुसऱ्या खात्यातून बोली लावत होता. ५,००० पौंडांचा भुर्दंड आणि २५० तास समाजसेवा. म्हणजे हे पकडता येतं. पकडायची इच्छा हवी.

माझा भाचा डेट्रॉइटला असतो, त्यालाही जुन्या गाड्यांचा नाद आहे. त्याने मला ब्रिंग अ ट्रेलर हे तिकडचं संकेतस्थळ दाखवलं. तिथेही दोन मिनिटांची पद्धत, तिथेही राखीव किंमत. पण प्रत्येक बोलीदाराचं टोपणनाव कायम एकच राहतं, त्यावर टिचकी मारली की त्याने आधी कशाकशावर बोली लावली ते दिसतं, आणि खाली शेकडो लोक उघडपणे बोलत असतात. "मावशी, इथे कुणी नवीन खातं एकाच विक्रेत्याच्या मागे लागलं की लोकच ओरडतात," तो म्हणाला. ईबे तर नाव झाकूनही एक आकडा दाखवतं, की या बोलीदाराच्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याच्या मालावर आहेत. तेवढा एक आकडा इथे असता तर ४१७ समोर शंभर टक्के दिसले असते आणि मी ४,५०,००० वर उठून भाकरी गरम केली असती.

वडिलांच्या पेढीवर मी सौदे पाहिले आहेत. गुळाच्या रव्यांची थप्पी लागलेली, व्यापारी एका थप्पीकडून दुसरीकडे सरकताहेत, कुणी खडा मोडून जिभेवर ठेवतोय, अडत्या दर पुकारतोय. तिथेही लबाडी व्हायची. पण दर चढवणारा माणूस समोर उभा असायचा. तो कुणाचा मेहुणा, त्याने गेल्या हंगामात किती माल उचलला, हे सगळ्या यार्डाला ठाऊक. बाबा घरी येऊन सांगायचे, "आज अमका नुसताच ओरडत होता, त्याच्याकडे गाडी पण नव्हती माल न्यायला." ऑनलाइन लिलावाने ती ओळख काढून घेतली आहे. मग तिच्या जागी काहीतरी द्यायला हवं, आणि ते देणं लिलाव घेणाऱ्याचं काम आहे. त्याचेच तर तो दहा टक्के घेतो.

मी गाडी नाकारली. संध्याकाळी सहाच्या आत, ईमेलने, कारण लिहून. अनामत परत यायला १९ दिवस लागले. अटींत सात लिहिले होते. तक्रारीची पोच ४८ तासांत आली, ती ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे द्यावीच लागते. उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं. "आमच्या अंतर्गत तपासात काहीही गैर आढळले नाही. बोलीदारांची माहिती गोपनीय आहे." चारपैकी एकाही प्रश्नाला हो किंवा नाही नाही. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्ता आणि वहीची पानं जोडून. ती चालू आहे.

गुण द्यायचेच झाले तर गाडीची माहिती, फोटो आणि कागदपत्रं यांना पाचपैकी साडेचार. पाहणीच्या सोयीला पाच. पैसे परत करण्याला दोन. बोलींच्या सचोटीला मी आज शून्य देते, आणि चार प्रश्नांची उत्तरं आली की हे गुण बदलायला मनापासून तयार आहे. तुम्ही तिथे उतरणार असाल तर उतरा, पण तुमच्या गाडीवरचा प्रत्येक नंबर त्याच लिलावातल्या बाकी गाड्यांवर शोधा. कंटाळवाणं आहे, पण दोन तासांत होतं. तुमची शेवटची रक्कम कागदावर लिहून घरच्या कुणाच्या तरी हातात द्या. मी मनात ठेवली होती, म्हणून ती साडेचारची पाच-नव्वद झाली. आणि "पहिल्याने माघार घेतली" असा फोन आला तर त्याच्या बोली खोडून उरते ती रक्कम सांगा, दुसरी नको.

आठ आठवड्यांनी ती गाडी पुन्हा लिलावात आली. पानावर "नव्याने दाखल" असं लिहिलं आहे. फोटो तेच, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्याच महिन्याचं. मजकुरात एक ओळ मात्र वाढली आहे: "इंजिनचे काम नुकतेच केलेले." लिलाव येत्या रविवारी बंद होईल. मी या वेळी अनामत भरलेली नाही आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत भरणारही नाही. पण गेल्या शनिवारी पाहायला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. गाडी बघायची होती.

शेडमध्ये एक गृहस्थ आधीच आले होते, पन्नाशीचे, टोपी घातलेले. दाराखाली वाकून डाव्या पट्ट्यावर चुंबक फिरवत होते. त्यांचंही चुंबक फडक्यात गुंडाळलेलं.

मी म्हटलं, "दादा, अजून थोडं मागे घ्या. तिथे धरत नाही."

त्यांनी मागे घेतलं. चुंबक निसटलं. ते उठून उभे राहिले. "तुम्ही आधी पाहिलीय ही?"

"मागच्या लिलावात होते. मी चार-तीस लावले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "ताई, मी चार-वीसला थांबलो. साताऱ्याहून. मला वाटलं तुम्ही कुणी मुंबईचे मोठे व्यापारी असाल."

मी पिशवीतून तक्ता काढला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत ०८८ वर आणलं आणि म्हणाले, "हा मी." मग खालच्या लाल रेघा एकेक करून वाचल्या, शेवटपर्यंत. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, रविवारी तुम्ही लावणार आहात का? मी म्हटलं, दादा, हे आपण एकमेकांना विचारायचं नाही, ठरवायचं तर मुळीच नाही. मालकाच्या पाठीमागे आपण रिंग केली, म्हणजे आपसांत ठरवून बोली खाली ठेवली, तर मग माझ्या तक्रारीला काय अर्थ राहिला? त्यांना ते पटलं. त्यांनी तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि तेही १९१५ ला कळवतो म्हणाले.

शेडवाल्या पोराने किल्ली आणली. साताऱ्याच्या दादांनी बॉनेट उचललं, पोराने चोक ओढून सेल्फ मारला. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकून ऐकत होतो. चौथा सिलिंडर अजूनही मिसिंग मारत होता.